चारशे एकाहत्तर रुपये

अण्णांचं मोबाइलचं बिल दर महिन्याला ४७१ रुपये येतं. प्लॅन ३९९ चा, वर अठरा टक्के जीएसटी. आकडा पाठ आहे, कारण नोकरी लागल्यापासून ते बिल मीच भरतो. पण त्या ३९९ मध्ये नेमकं मिळतं काय, हे गेल्या दिवाळीपर्यंत मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या ज्या कंपनीत काम करतो, तिथं आम्ही बाहेरच्या देशांतल्या टेलिकॉम कंपन्यांची बिलिंग सिस्टीम सांभाळतो. म्हणजे लोकांची मोबाइलची बिलं कशी बनतात यावरच माझं पोट चालतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाडव्याला अण्णा दुकानातनं जेवायला घरी आले आणि फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "हे नुसतं फिरतंय बघ." करकंबमध्ये त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. ऑक्टोबर छाटणी झालेली, द्राक्षवाल्यांच्या जिवाला घोर लागायचे दिवस. कुणाच्या पानावर डाग पडला की त्याचा व्हिडिओ अण्णांच्या व्हॉट्सॲपवर येतो, आणि डाऊनी आहे की करपा हे अण्णांनी सांगायचं असतं. त्या दिवशी व्हिडिओ उतरत नव्हता. गोल चक्र फिरत होतं. महिन्याचे वीस दिवस झालेले होते.

मी कंपनीचं ॲप उघडलं. प्लॅनचं नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं. २०१५ मध्ये घेतलेला, नावात 'अनलिमिटेड' असलेला पोस्टपेड प्लॅन. बारीक अक्षरात लिहिलेलं: पहिले ५ जीबी पूर्ण वेगानं, नंतर ८० केबीपीएस. ऐंशी केबीपीएस म्हणजे काय हे नवीन पोरांना सांगावं लागतं. एवढ्या वेगात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो रांगत येतो आणि व्हिडिओची वाट बघत माणूस जेवून हात धुवून येतो. त्याच वेळी माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रीपेड सिमवर २९९ रुपयांत अठ्ठावीस दिवस रोज दीड जीबी येत होतं. म्हणजे ४२ जीबी. वर्षाचे तेरा रिचार्ज धरले तरी तिचे ३८८७ रुपये होतात. अण्णांचे ५६५२.

"अण्णा, हा प्लॅन आता कुणालाच मिळत नाही. कंपनीनं विकायचा कधीच बंद केलाय."

अण्णांनी चपातीचा तुकडा आमटीत बुडवला. "बघ की. म्हणजे चांगलाच असणार."

हे मला ऐकून माहीत होतं. मराठीत नव्हतं ऐकलं इतकंच. आमच्या कामात अशा ग्राहकांना एक ठरलेलं नाव आहे, त्याचा अर्थ जवळपास 'आजोबांच्या काळापासूनचे' असा होतो. प्लॅन बंद झाला, पण ज्यांच्याकडं आधीपासून आहे त्यांच्याकडं तो राहू दिला. बाहेरनं बघणाऱ्याला प्रश्न पडतो की कंपनी हे का करते. दर नवा आला, तर सगळ्यांना एका फटक्यात नव्यावर का नाही टाकत? जुन्यांवर एवढी माया कशाला?

माया वगैरे काही नसते. बिलिंगच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक प्लॅनला दोन तारखा असतात. एक विक्री कधीपर्यंत करायची याची, दुसरी प्लॅन कधीपर्यंत जिवंत ठेवायचा याची. प्लॅन 'बंद' करतात तेव्हा पहिल्या रकान्यात तारीख भरतात. दुसरा रकाना रिकामाच राहतो. तो भरायचा म्हणजे त्या प्लॅनवरच्या प्रत्येक माणसाचं पुढं काय करायचं हे कुणीतरी ठरवायला लागतं: कोणत्या नव्या प्लॅनवर न्यायचं, त्याची आधीची सूट ठेवायची का, मध्यात महिना तुटला तर बिल कसं वाटून द्यायचं. मग आमच्यासारख्यांना कामाला लावायचं, चाचण्या करायच्या, आणि एवढं करून दोन टक्के लोकांची बिलं चुकली तर कॉल सेंटरला आग लागते. म्हणून तो रकाना वर्षानुवर्षं रिकामा राहतो. पहिलं कारण आळसाचं आहे, आणि माझ्या अनुभवात तेच सगळ्यात मोठं आहे.

दुसरं कारण मी एका मीटिंगमध्ये ऐकलं. युरोपातली एक कंपनी आमची ग्राहक होती. त्यांचे काही हजार लोक दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्लॅनवर होते. मी नवीन होतो, उत्साहात होतो. मी म्हटलं, यांना एक पत्र पाठवू, सध्याचा प्लॅन यापेक्षा स्वस्त आणि चांगला आहे असं कळवू, आपोआप हलतील. पलीकडच्या बाई हसल्या. त्या म्हणाल्या, पत्र वाचून माणूस जागा होतो, आणि जागा झालेला माणूस आपलाच नवा प्लॅन बघत नाही, शेजारच्या कंपनीचाही बघतो. झोपलेत त्यांना झोपू द्या. आमच्या यादीत त्या लोकांच्या पुढं खरोखरच 'झोपलेले' अशा अर्थाचा शब्द होता. मी त्या यादीवर सहा महिने काम केलं. त्या यादीत अण्णांसारखीच माणसं असणार हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता प्रश्न असा की 'अनलिमिटेड' वापरणाऱ्यांनी खरंच अमर्याद वापरलं तर कंपनी बुडत नाही का? नाही. टॉवरची क्षमता संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी बांधलेली असते आणि खर्च त्या क्षमतेचा असतो. पहाटे तीनला कुणी दहा जीबी उतरवलं तर कंपनीचं जवळपास काही जात नाही. शिवाय जुन्या प्लॅनवरचा सरासरी माणूस फार वापरत नाही. त्यानं तो प्लॅन 'असू द्यावा' म्हणून घेतलेला असतो. शंभरातले चार-पाच जण खोऱ्यानं ओढतात, त्यांच्यासाठी नेटवर्कमध्ये एक नियम लिहितात: अमुक जीबीनंतर वेग कमी. बंधन वेगावर असल्यामुळं कागदावर 'अनलिमिटेड' शब्द शाबूत राहतो. अण्णांचे ८० केबीपीएस हे त्याच नियमाचं फळ.

या खेळाची सगळ्यात गाजलेली मॅच अमेरिकेत झाली. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा तो तिथं फक्त एटी अँड टीकडं मिळायचा आणि डेटा अमर्याद. लोक इतकं वापरायला लागले की ७ जून २०१० पासून नव्या ग्राहकांना तो प्लॅन बंद केला. जुन्यांना मात्र सांगितलं, तुमचा ३० डॉलरचा प्लॅन तुमच्याकडं राहील. ही दयाबुद्धी नव्हती. तो प्लॅन सोडला तर परत मिळणार नव्हता, म्हणून माणूस दुसऱ्या कंपनीकडं जायचा नाही, स्वस्त प्लॅनवर उतरायचा नाही, वापर कमी झाला तरी पैसे भरत राहायचा. आपण अडकवलेल्या माणसाला आपण काहीतरी राखून ठेवलंय असं वाटायला लावणं, यापेक्षा चांगलं कुलूप नाही. मग २०११ पासून एटी अँड टीनं जास्त वापरणाऱ्यांचा वेग खाली आणायला सुरुवात केली. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगानं, म्हणजे एफटीसीनं, ऑक्टोबर २०१४ मध्ये खटला भरला. आरोप असा की किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग कमी केला, काहींचा महिन्यात दोनच जीबी वापरल्यावर, आणि काही वेळा नव्वद टक्क्यांपर्यंत. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

व्हेरायझनची पद्धत वेगळी होती. २०११ मध्ये नव्यांना बंद. २०१२ मध्ये नियम आला की सवलतीतला नवा फोन घेतला तर जुना प्लॅन जाणार, ठेवायचा असेल तर फोन पूर्ण किमतीला घ्या. २०१५ मध्ये महिन्याला वीस डॉलर वाढवले. २०१६ मध्ये महिन्याला शंभर जीबीच्या वर ओढणाऱ्यांना सांगितलं की दुसरा प्लॅन घ्या नाहीतर लाइन बंद. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, स्पर्धा वाढल्यावर, अनलिमिटेड पुन्हा सगळ्यांना विकायला काढलं. ज्यांनी सहा वर्षं दात-ओठ खाऊन तो प्लॅन सांभाळला त्यांचं त्या सकाळी काय झालं असेल, याचा मी कधीकधी विचार करतो.

आपल्याकडं हे सगळं असं का दिसत नाही? कारण आपल्याकडं जुना प्लॅन राहायला जागाच नाही. देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक प्रीपेडवर आहेत. प्रीपेडमध्ये तुम्ही प्लॅनचे सभासद नसता, अठ्ठावीस दिवसांचे गिऱ्हाईक असता. एकोणतिसाव्या दिवशी नवा सौदा, जो दर असेल त्या दरानं. जुना प्लॅन काढून घ्यायची गरजच पडत नाही, तो आपोआप मरतो. ट्रायचा नियम आहे की कुठलाही टॅरिफ प्लॅन घेतल्यापासून सहा महिने कंपनीला तो ग्राहकाला तोट्याचा होईल असा बदलता येत नाही. पण अठ्ठावीस दिवसांच्या पॅकवाल्याला सहा महिन्यांची ढाल घेऊन करायचं काय? आणि अठ्ठावीस दिवसांमुळं वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. त्यावर इतकी ओरड झाली की २०२२ मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला किमान एक तरी तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावला.

तरी आपल्या लोकांनी वाट काढली. जून २०२४ च्या शेवटी तिन्ही खासगी कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली, ३ आणि ४ जुलैपासून. २३९ चं २९९ होणार होतं. मधल्या पाच-सहा दिवसांत जो तो जुन्या दरानं रिचार्ज करून रांगेत लावत होता. एक संपलं की पुढचं आपोआप सुरू. मी पुण्यातनं घरच्या तिन्ही प्रीपेड सिमवर सहा-सहा महिन्यांचे रिचार्ज एका रात्रीत लावले आणि आजीला फोनवर सांगितलं. आजी म्हणाली, "पेवात भरल्यावानी केलंस की." तिच्या माहेरी जोंधळा पेवात भरायचे, भाव चढायच्या आधी. दुसऱ्यांदा विचारलं तिनं, "पर त्येंनी पेवच बुजवलं तर?"

मी म्हटलं, असं करता येत नाही आजी, पैसे भरलेत. ती काही बोलली नाही. आजीला याचा अनुभव होता, मी तो विसरलो होतो.

२००६ मध्ये आजोबांनी आजीला एक सिम आणलं होतं. डिसेंबर २००५ पासून कंपन्यांनी 'लाइफटाइम' प्लॅन काढले होते: एकदाच ९९९ भरा, आयुष्यभर इनकमिंग चालू. तोवर दर महिन्याला रिचार्ज नाही केलं की इनकमिंगही बंद व्हायचं, त्यामुळं ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज सांगून कळणार नाही. आजोबांनी त्या वर्षीच्या उसाच्या बिलातनं ९९९ काढले. आजीचं माहेर इंडीजवळ, कर्नाटकात. भाऊ एकच, तिच्याहून धाकटा. तो सकाळी दहाच्या सुमाराला तिला फोन करायचा आणि ती ओट्यावर बसून अर्धी मराठी अर्धी कानडी बोलायची. आजीनं स्वतःहून त्या सिमवरनं कधी कुणाला फोन लावला नाही. फार तर मिस कॉल.

'आयुष्यभर' म्हणजे कुणाचं आयुष्य, हा विनोद तेव्हाही लोक करायचे. उत्तर कायद्यात होतं. मार्च २००६ मध्ये ट्रायनं सांगितलं की असा प्लॅन कंपनीचा परवाना असेल तोवर, आणि परवान्याचं नूतनीकरण झालं तर त्यानंतरही, चालू ठेवावा लागेल, आणि परवाना कधी संपतो तो महिना-वर्ष ग्राहकाला कळवावं लागेल. म्हणजे आयुष्य परवान्याचं. महाराष्ट्र सर्कलचे पहिले मोबाइल परवाने १९९५ चे, वीस वर्षांचे.

कंपन्यांनी हे वचन दिलंच कशाला? हे मला खूप उशिरा, या क्षेत्रात आल्यावर समजलं. २००३ पासून आपल्याकडं फोन लावणारा पैसे देतो. लावणाऱ्याची कंपनी, उचलणाऱ्याच्या कंपनीला २०२० अखेरपर्यंत मिनिटामागं ठरलेली रक्कम द्यायची. २००६ मध्ये ती ३० पैसे होती. म्हणजे आजी ओट्यावर बसून भावाशी रोज पाच मिनिटं बोलली की तिची कंपनी दीड रुपया कमवायची. महिन्याला पंचेचाळीस. एक पैसा न खर्चणारी माझी आजी कंपनीचं दुभतं जनावर होती. नंतर ट्रायनं ती रक्कम उतरवत आणली. २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ६. तीच आजी, तोच भाऊ, तीच पाच मिनिटं, पण आता महिन्याला नऊ रुपये. त्यात २०१६ मध्ये जिओ आलं, लोकांनी डबल सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत जिओ घातलं आणि जुनं सिम नुसतं इनकमिंगपुरतं ठेवलं. कंपन्यांच्या यादीत कोट्यवधी आज्या जमा झाल्या.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी नियम काढला की अठ्ठावीस दिवसांनी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज करा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, नंतर इनकमिंग. तक्रारी गेल्या. ट्रायनं कंपन्यांना पत्र लिहिलं की पुरेसा बॅलन्स असलेल्यांचं सिम असं तोडू नका, नीट कळवा. पण किमान रिचार्ज राहिलं ते राहिलंच. एका कंपनीचं ३५ चं पुढं ४५ झालं, मग ७९, मग ९९. आज नुसतं सिम जिवंत ठेवायला दोनशेच्या आसपास लागतात. त्या काही महिन्यांत देशात कोट्यवधी सिम बंद पडली आणि कंपन्यांचं दरडोई उत्पन्न वाढलं. २०२४ च्या दरवाढीनंतरही तेच झालं: तीन महिन्यांत जिओचे एक कोटीहून जास्त ग्राहक घटले आणि दरडोई महसूल १८१.७ वरून १९५.१ रुपयांवर गेला. ग्राहक जाणं हे नेहमी नुकसान नसतं.

आजीच्या सिमवर इंग्रजीत मेसेज आले असणार. आमच्यापैकी कुणी ते वाचले नाहीत. मी पंढरपूरजवळच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो, अण्णा त्यांच्या दुकानात. आजीला वाटलं भाऊ कामात असेल. मकर संक्रांतीला तो दरवर्षी तिळगूळ घेऊन यायचा, तेव्हाही आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी आजीनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही दिली होती. सहीच्या वेळी अण्णा जरा तोडून बोलले होते मामांना. आजीच्या मनात आलं, सही मिळाली, आता बहीण कशाला. हे तिनं बोलून दाखवलं नाही. फोन मात्र ती रोज दहाला चार्जरवरनं काढून ओट्यावर घेऊन बसायची. फोन चालू असायचा, घड्याळ दिसायचं, बॅटरी दिसायची. बंद आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता.

मार्चमध्ये कधीतरी मी सहज त्या नंबरवर फोन लावला तेव्हा कळलं. तोवर उशीर झाला होता. नंबर कंपनीनं परत घेतला होता. नवं सिम आणलं, नवा नंबर. पण मामाआजोबांचा नंबर आजीच्या जुन्या सिममध्येच साठवलेला होता, सिम काढताना दुकानदारानं कुठं टाकलं देव जाणे.

१२ जुलै २०१९ ला आषाढी होती. मामाआजोबा दरवर्षी दिंडीबरोबर पंढरपूरला येतात आणि एका ठरावीक मठात उतरतात. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, मला गाडीवर बसव. करकंब-पंढरपूर रस्त्यावर परतणाऱ्या वारकऱ्यांची गर्दी, आजी मागं एका अंगाला बसलेली, माझा शर्ट मुठीत. मठात गेलो तर मामाआजोबा खांबाला टेकून पाय दाबत बसले होते. आजीला बघून उठले नाहीत. तोंड फिरवलं.

"तीनदा लावला," ते माझ्याकडं बघत म्हणाले, तिच्याकडं नाही. "बाई म्हणती, सेवा बंद हाय. मी म्हनलं, अक्कानंच बंद केली. जमिनीपायी." खिशातनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एवढीशी वही काढून त्यांनी मला तो नंबर दाखवला. बरोबर होता. दहाही आकडे बरोबर होते.

मी त्यांना मिनिमम रिचार्ज समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकून घेत होते, पण 'आयुष्यभराचं होतं न्हवं ते?' यापुढं काही जात नव्हतं. आजी त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांचा दुसरा पाय दाबायला लागली. दोघं रडली वगैरे नाहीत. मामाआजोबा पुढं दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत दहाचा फोन पुन्हा सुरू झाला, पण रोज येत नव्हता.

पुण्यात नोकरीला लागल्यावर एकदा रात्री मी आजीचा तो जुना नंबर फिरवून पाहिला. चंद्रपूरकडच्या एका पोरानं उचलला. चुकून लागला म्हणून ठेवणार होतो, तर तोच म्हणाला, "दादा, तुम्ही पण त्या अक्कालाच शोधताय का? मागं एक म्हातारेबाबा फोन करायचे, कानडीत काहीतरी बोलायचे. मी राँग नंबर राँग नंबर म्हणायचो, तरी दुसऱ्या दिवशी परत लावायचे." म्हणजे मामाआजोबांनी तीनदा नाही, पुष्कळ वेळा लावला होता. हे मी आजीला अजून सांगितलेलं नाही.

तर, एकाच घरात दोन जुने प्लॅन होते. आजीचा मोडला आणि अण्णांचा दहा वर्षं तसाच ठेवला. कारण उघड आहे. आजीनं दिलेले ९९९ कधीच संपले होते. अण्णांकडनं दर महिन्याला ४७१ येतात आणि बदल्यात पाच जीबी जातं.

भाऊबीजेच्या दिवशी मी अण्णांना आकडे मांडून दाखवले. एवढं दाखवल्यावर कुणीही प्लॅन बदलला असता. अण्णा उठले, आतनं एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यातनं बिलांची चवड काढली. २००९ पासूनची. मधली काही वाळवीनं खाल्लेली.

"ही बघ. ह्याच्यावर नाव कुणाचं आहे?"

अण्णांचं नाव, खाली घराचा पत्ता, मुक्काम पोस्ट करकंब, तालुका पंढरपूर.

आमचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे. काकांबरोबरची वाटणी तोंडी झालेली. लाइट बिल आजोबांच्या नावानं येतं, घरपट्टी आजोबांच्या नावानं. २०१० मध्ये गॅसचं कनेक्शन घ्यायचं होतं तेव्हा या घरात अण्णा राहतात असं सांगणारा, त्यांच्या एकट्याच्या नावाचा कागद हा एकच होता. पोस्टपेडचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. त्यावर गॅस मिळाला, दुकानाचं बँकेतलं खातं उघडलं. आता आधार आहे, दुकानाचा जीएसटी नंबर आहे, आता त्या बिलाची काही गरज नाही. हे मी म्हणालोही. अण्णा म्हणाले, "माहितेय मला. तरी."

मी दहा वर्षं त्यांना त्या यादीतला झोपलेला माणूस समजलो असतो. त्यांनी हिशेब केला नव्हता असं नाही, त्यांचा हिशेब वेगळ्या गोष्टीचा होता. पण म्हणून कंपनीनं दहा वर्षांत एकदाही फोन करून सांगू नये की तुमच्याच पैशात आता आठपट मिळतंय, याचा माझा राग काही कमी झाला नाही. विशेषतः असे न केलेले फोन हा माझ्या नोकरीचा भाग आहे म्हणून.

शेवटी मी म्हटलं, नंबर हाच ठेवू, पोस्टपेडच ठेवू, बिल तुमच्याच नावानं येईल, फक्त प्लॅन बदलू. कस्टमर केअरला फोन लावला, स्पीकरवर. मुलगी नम्र होती. तिनं आधी सांगितलं की हा प्लॅन सोडलात तर परत मिळणार नाही. अण्णांनी माझ्याकडं 'ऐकलंस का' अशा नजरेनं पाहिलं. मग मी 'पोर्ट' हा शब्द उच्चारला. तिनं आम्हाला दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत आल्यावर म्हणाली की सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक आहात म्हणून खास तुमच्यासाठी २९९ मध्ये चाळीस जीबी.

अण्णा फोनकडं वाकले. "खास आत्ताच? मागच्या महिन्यात नव्हतं का?"

"सर, ऑफर आत्ताच आलीये."

"आणि बिल कागदावर येईल?"

कागदी बिलाचे दर महिन्याला पन्नास रुपये वेगळे पडतील, ईमेलवर फुकट. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घे पन्नास."

पुढच्या महिन्यात बिल ४७१ च आलं. मी फोन केला तर म्हणाले ऑफर दिसतेय, पण सिस्टीममध्ये लागत नाहीये. हे कसं होतं ते मला आतनं माहीत आहे. सवलतीचा कोड नव्या प्लॅनसाठी लिहिलेला असतो, जुन्या प्लॅनच्या ओळीशी तो जुळत नाही, आणि जुनी ओळ बंद करायची तारीख कुणी भरलेली नसते. असं तिकीट माझ्याकडं आलं तर मी त्याला शेवटची प्राधान्यता देतो. एकाच ग्राहकाचा प्रश्न, महिन्याला शंभर-दीडशे रुपये, कोण बघणार. तीन तक्रार नंबर झाले. जानेवारीत बिल ४१२ रुपये आलं: २९९ अधिक ५०, वर जीएसटी. व्हिडिओ उतरायला लागले.

अण्णांनी बिलाची घडी घातली, पिशवीत सगळ्यात वर ठेवली आणि मला विचारलं, तुझ्या कंपनीत असे किती लोक आहेत म्हणालास?

मी म्हटलं, काही हजार.

"त्यांना कोण फोन करणार?"

मी चार्जर शोधायला आत गेलो.